यात्रेची भांडी, पत्रावळी आणि बरोबर कुणाला घ्यायचं

ताई, पुढच्या वर्षी तुमच्या गावी महालक्ष्मीची यात्रा आहे आणि महिला मंडळानं प्लास्टिक आणि वायफळ खरेदी कमी करायचं मनावर घेतलंय. फेरी आणि फलक यांच्या पुढे कसं जायचं, देवस्थानचे पंच, ग्रामपंचायत, शाळा, गावची सहकारी सोसायटी यांतल्या कुणाला धरायचं, असं तुम्ही विचारलंय. बेळगाव जिल्ह्यातल्या मार्कंडेय नदीच्या काठावरच्या आमच्या गावात आम्ही यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा पंचांकडे जा. यात्रेची पट्टी तेच ठरवतात, मांडव तेच सांगतात, आणि पंचांनी बैठकीत बोललेला शब्द गावात चालतो. आम्ही आधी हे केलं नव्हतं. एका संस्थेनं दिलेल्या छापील कापडी पिशव्या घरोघर वाटल्या, फोटो काढले, आणि दोन महिन्यांत त्या पिशव्या माळ्यावर गेल्या. फार वाईट वाटलं होतं. नंतर वाचलं की ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अहवालानुसार नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तर कुठे हवामानावरचा तिचा भार एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीइतका होतो. म्हणून नवं कापड विकत आणू नका. जुन्या साड्या आणि देवीच्या ओटीत जमलेले खण घ्या. खणांचं काय करायचं हे देवस्थान पंचांनाच विचारावं लागतं, आणि आमच्या पंचांनी ते आनंदानं दिले. गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना पिशवीमागे मजुरी ठरवली आणि पिशव्या दुकानदारांकडे ठेवल्या. पैसे भरून न्यायची, परत आणली की पैसे परत.

दुकानदारांशी भांडू नका. आपल्या कर्नाटकात मार्च २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्या, ताटल्या, पेल्यांवर बंदी आहे, देशपातळीवरची एकल-वापर वस्तूंची बंदी १ जुलै २०२२ पासूनची. दुकानदाराला हे ठाऊक असतं. त्याची अडचण एवढीच की त्यानं पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. गावातल्या सगळ्या दुकानांनी एकाच दिवशी बंद केलं तरच ते टिकतं, आणि त्या सगळ्यांना एकत्र बसवायला पुन्हा पंचच लागतात.

आता भांडी. स्टीलच्या ताटांचा सामाईक साठा करायचा हे तुमच्या मनात असणारच. जरूर करा, पण विकत घेण्याआधी घराघरातले माळे बघा. आहेरात आलेली, कधी न वापरलेली ताटं-वाट्या इतकी निघतात की आम्हीच थक्क झालो. ज्यानं दिली त्याचं नाव वहीत, भांड्यावर मंडळाचं नाव. हिशेब आणि अनामत सोसायटीकडे द्या. तिथे पावतीपुस्तक आहे, सेक्रेटरी आहे, लोकांचा विश्वास आहे. मंडळातल्या एका बाईच्या कपाटात पैसे ठेवले की कुरबुर सुरू होते, मग ती कितीही प्रामाणिक असो.

आणि ताई, भांडी आणण्याच्या आधी घासणार कोण हे ठरवा. श्रमदान म्हणत हे काम बायकांच्याच गळ्यात पडतं, आणि चार लग्नांनंतर साठा कुलुपात जातो. भाड्यातच घासणावळ धरा. खरकटं आधी वेगळं काढायचं, म्हणजे पाणी कमी लागतं. धुतलेलं पाणी नारळाच्या आळ्यात सोडता येईल अशीच जागा बघा.

पण यात्रेच्या मुख्य दिवशी हा साठा पुरणार नाही. लग्न एका घरचं असतं, यात्रेत त्याच दुपारी प्रत्येक घरात पाव्हणे जेवायला असतात. इतकी ताटं कुठल्याच गावाकडे नसतात. त्या दिवसासाठी पानांच्या पत्रावळी आणि पोफळीच्या विरीच्या, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या रुंद बुडाच्या, ताटल्या घ्या. बाजारात पत्रावळ म्हणून जी चकचकीत कागदी मिळते तिच्यावर प्लास्टिकचा थर असतो, कागदी कपाच्या आतही असतोच. ती नको. खानापूरच्या जंगलकडेच्या गावांत पत्रावळी लावणाऱ्या बायका शोधा, पण शेवटच्या आठवड्यात मागून त्या मिळत नाहीत. पानं तोडणं, वाळवणं, टाचणं याला महिने लागतात. आमच्याकडे सोसायटीनं आगाऊ रक्कम दिली आणि पंचांनी घरटी मागणी लिहून घेतली. सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात मोलाची वाटली ती हीच गोष्ट, कारण आपल्या यात्रेचा पैसा आपल्याच तालुक्यातल्या बायकांच्या हातात गेला.

पाण्याच्या बाटल्यांऐवजी खानापूरचे माठ घ्या. सत्काराच्या शाली थोड्याच ठेवा, आणि टॉवेल द्यायचेच असतील तर हुदलीच्या खादीचे द्या. १९३७ मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं होतं ते हेच हुदली, आणि तिथं सूत अजून कातलं जातं.

ग्रामपंचायतीकडे मागणं नेमकं ठेवा. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, अर्ज कन्नडमध्ये द्या. लिहिणारं कुणी नसेल तर हायस्कूलच्या कन्नडच्या सरांना विनंती करा, ते नाही म्हणत नाहीत. आपल्या राज्यात पंचायतीच्या सुक्या कचऱ्याचं काम बऱ्याच ठिकाणी संजीवनी ओक्कूटच्या, म्हणजे महिला बचत गटांच्या संघाच्या, बायका करतात, गाडीही त्याच चालवतात. त्यांना नियोजनाच्या पहिल्या बैठकीपासून बोलवा. कुठल्या गल्लीतून काय येतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आमच्याकडे त्यांनीच सांगितलं की ओटीसोबत येणारी छोटी पिशवी सगळ्यात त्रासाची. मग देवळाच्या दारातच परड्या ठेवल्या.

शाळेच्या मुलांना घोषणा द्यायला लावू नका. त्यांना मोजायला द्या. एक आठवडा आपल्या घरात किती पिशव्या आल्या, कुठून आल्या, हे आमच्या सातवीच्या मुलांनी वहीत लिहून आणलं. ती पानं पंचांच्या बैठकीत वाचली तेव्हा कुणी वाद घातला नाही.

पत्रावळीची मागणी दिवाळीच्या आधी घरटी लिहून काढा. यादी झाली की कळवा, आमचा ताटांचा साठा सध्या मोकळा आहे, तुमच्या यात्रेला आमची ताटं पाठवता येतील.