शफल बंद कर, मग सांग
'सध्या काय ऐकतोस?' असं विचारल्यावर तू परवा एका दमात आठ अल्बमची नावं घेतलीस. एवढं नको की बे. एकच सांग, पण चार वेळा ऐकलेला.

सुरुवात 'कॉल ऑफ द व्हॅली'पासून कर. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. १९६०च्या दशकातली ही तबकडी म्हणजे काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस. सकाळी राग अहिर भैरव, शेवटी राग पहाडी. शफलवर लावलास तर त्या बिचाऱ्याचा दिवसच उलटापालटा होतो! पूर्वी अर्ध्यात उठून तबकडी उलटावी लागायची. तेवढी उसंत तूही घे.

मी सध्या पहाटे गच्चीवर ऐकतो. मे महिन्यात नऊनंतर सोलापुरातल्या गच्चीवर फक्त पापड वाळतात. कंबर तलावाच्या बाजूला फिरतानाही ऐकून पाहिलं, पण हॉर्नच्या गोंगाटात संतूरचं बारीक काम बुडतं.

आणि नुसतं 'भारी आहे' म्हणू नकोस. नेमकं कुठल्या जागेला हातातला चहा थांबला ते सांग. आमच्यातले जुने ऐकणारे तेवढ्यावरून तुला पुढचा अल्बम काढून देतात.