विकर, वितंचक, पाचकरस की सरळ एन्झाइम?

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्याकडच्या विडी कामगार बायकांसाठी ट्रायकोमोनस या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतूच्या लागणीवर पत्रक करायला घेतलेल्या एका आरोग्यसेविका ताईंनी विचारलं आहे: "मूळ इंग्रजी मजकुराचं मराठी असं झालंय, 'हा लैंगिकरीत्या संक्रमित परजीवी विकरांचा वापर करून संसर्ग घडवून आणतो.' वाचून दाखवलं तर बायका नुसत्या बघत राहतात. एन्झाइमला विकर बरोबर की वितंचक? की पाचकरस लिहू? आणि परजीवीला किडा म्हटलं तर चालेल का?"

ताई, एन्झाइम म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं द्रव्य, आणि त्याला विकर हा शब्द चुकीचा मुळीच नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत तोच आहे, नपुंसकलिंगी चालतो: ते विकर, ती विकरे. लेख किंवा पाठ लिहायचा असता तर मी बिनदिक्कत तोच वापरला असता. पण तुम्हाला तो सोलापुरात, बैठकीत, मोठ्याने म्हणायचा आहे. तिथे मी तो टाळीन. विकर आणि विकार यांत फक्त एका कान्याचं अंतर आहे. "परजीवीची विकरे" म्हणालात तर ऐकणारीच्या कानावर विकारच पडणार, आणि आजार कशाने होतो हे सांगणारं वाक्य तिला आजाराचंच नाव सांगतंय असं वाटणार. त्यातून तुमच्या समोर तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या कितीतरी बायका असतील. तेलुगूत 'विकारम' म्हणजे मळमळ. कन्नड बोलणारीला विकार म्हटलं की विद्रूप, बेढब असं काही आठवेल. ट्रायकोमोनसने मळमळतं असा समज घेऊन एखादी घरी गेली तर तो दोष तिचा नाही. (यावरच्या औषधाने काहींना मळमळतं हे खरं आहे, म्हणून तर हा घोळ आणखी नको.)

वितंचक हा शब्द मला मनापासून आवडतो. संस्कृतात आतंचन म्हणजे दुधाला लावायचं विरजण. वितंचक त्याच धातूवरचा. विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात एन्झाइम हा शब्द घडवला तोही 'खमिरातलं' अशाच अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून, आणि कन्नडने घेतलेला किण्व हा शब्दही खमिराचाच. म्हणजे सगळ्यांनी आंबवण्या-विरजण्याकडे बघून नाव ठेवलं. तुमच्या पत्रकाला मात्र तो उपयोगाचा नाही, कारण अंगात शिरकाव करताना या जिवाची विकरे काही विरजत नाहीत. ती तोडतात. वाक्यात हे 'तोडणं' आलं पाहिजे. 'वापर करून घडवून आणतो' यात नेमकं काय घडतं तेच दिसत नाही, आणि बायका नुसत्या बघत राहतात त्याचं कारण मला विकर या शब्दापेक्षा हे क्रियापद वाटतं.

मग तोडतात म्हणजे काय? योनिमार्गाच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर असतो. त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे साखरेच्या साखळ्या लागलेलं प्रथिन. ट्रायकोमोनसची काही विकरे त्या साखळ्या छाटतात, काही खालचं प्रथिन कापतात. थर विरळ झाला की हा जीव आतल्या पेशींपर्यंत पोचतो. पोहताना तो नासपतीच्या आकाराचा असतो. पेशीला टेकला की अमिबासारखा पसरट होऊन चिकटतो. पेशींना धरून ठेवणारी प्रथिनंही त्याची विकरे तोडतात. आपलं शरीर त्याच्यावर प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) सोडतं, तर त्यांचेही तुकडे करणारी विकरे त्याच्याजवळ आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून हिमोग्लोबिनही तो तोडतो, कारण त्याला लोह लागतं.

यातली प्रथिनं कापणारी बरीचशी विकरे पपेनच्या गोतातली आहेत. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं विकर. सोलापुरात मटण शिजवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. निबर मटणाला कच्ची पपई वाटून लावली, थोडा वेळ ठेवलं की ते मऊ पडतं, फार वेळ ठेवलं तर बोटाने दाबताच लगदा होतो. विस्तव नाही, सुरी नाही, तरी मांस सुटं झालं. बैठकीत हेच सांगा. "पपईच्या चिकात जे असतं तसलंच काहीतरी हा जीव अंगातून सोडतो" म्हटलं की विकर, वितंचक, काहीच म्हणायची गरज उरत नाही. फक्त पपई खाल्ल्याने ही लागण होते असं कुणी समजणार नाही एवढं बघा. ते लगेच, तिथल्या तिथे बोला.

पाचकरसाचं म्हणाल तर अर्थाने तो जवळचा आहे, पण तो थेट पोटात नेतो. बाई जंताचं औषध मागायला जाईल. नुसतं 'रस' म्हणा. सोबत 'तोडणारा' हे विशेषण असलं की पुरे.

आणखी एक गोष्ट पत्रकात यावी असं मला फार वाटतं. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे, दह्यातल्या जिवाणूंच्या गोतातले जिवाणू असतात. ते आम्ल तयार करून आपली राखण करतात. ट्रायकोमोनसकडे जिवाणूंची भिंत तोडणारीही विकरे आहेत, आणि त्यांची जनुकं त्याने पूर्वी कधीतरी जिवाणूंकडूनच उचललेली आहेत. राखणदार कमी झाले की आम्लता उतरते आणि त्याचं फावतं. बायकांना हे कळलं तर 'आपण अस्वच्छ म्हणून झालं' ही लाज तरी कमी होईल.

आता किडा. नको. किडा म्हटला की वळवळणारा, डोळ्याला दिसणारा प्राणी समोर येतो, आणि 'मला तर काही दिसलं नाही' म्हणून बाई निर्धास्त होते. हा एका पेशीचा आदिजीव आहे, मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा. आल्फ्रेड डोने या फ्रेंच डॉक्टरने १८३६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला. नावातला 'ट्रायको' म्हणजे केस: पुढच्या टोकाला केसासारख्या चार कशाभिका (पोहायला लागणारे धागे) असतात, पाचवी अंगाला चिकटलेल्या पडद्याच्या कडेने मागे जाते. जंतू म्हटलेलं चालेल. 'परजीवी' छापील मजकुरात एकदा येऊ द्या, हरकत नाही.

'लैंगिकरीत्या संक्रमित परजीवी' मात्र काढाच. संक्रमित तो जीव नाही, माणूस होतो. 'शरीरसंबंधातून पसरणारा' म्हणा. गुप्तरोग हा शब्दही नको; तो ऐकला की बाई मान खाली घालते आणि पुढचं ऐकत नाही. 'अंगावरून जाणं' हे तिचं स्वतःचं बोलणं आहे, त्यापासून सुरुवात करा. २०२० मध्ये जगभरात या लागणीचे सुमारे १५ कोटी ६० लाख नवे रुग्ण झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इतक्या जणांना होणाऱ्या आजाराला 'गुप्त' म्हणून काय साधणार?

माझ्या हातून मसुदा असा होईल:

"अंगावरून पिवळट-हिरवट, फेसाळ, वास येणारं पाणी जातंय, खाज सुटते, लघवीला जळजळतं? ट्रायकोमोनस नावाच्या जंतूची लागण असू शकते. पुष्कळ बायकांना काहीच त्रास जाणवत नाही, पुरुषांना तर बहुधा नाहीच. हा जंतू शरीरसंबंधातून पसरतो. तो अंगातून एक रस (एन्झाइम) सोडतो. त्या रसाने योनिमार्गातला राखण करणारा थर तुटतो आणि जंतू आत चिकटून बसतो. गरोदरपणी ही लागण असली तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेतल्या की हा आजार बरा होतो. गोळ्या नवरा-बायको दोघांनी घ्यायच्या आणि दोघं बरी होईपर्यंत संबंध ठेवायचा नाही."

कुणी विचारलंच की गोळी काय करते, तर सांगा: मेट्रोनिडाझोल हे गोळीतलं औषध गिळतो तेव्हा ते जंतूला मारक नसतं. जंतूच्या पेशीत गेल्यावर तिथलीच विकरे आणि प्रथिनं त्याचं रूप बदलतात आणि मग ते त्याच्यावर उलटतं.

छापायच्या आधी घरी तेलुगू बोलणाऱ्या एखाद्या बाईकडून हा मजकूर मोठ्याने वाचून घ्या. ती जिथे अडखळेल तो शब्द बदला, मग तो मी सुचवलेला का असेना.