सरपंच झाल्यापासून माझे वारलेले गुरुजी स्वप्नात येतात, पण मार्ग सांगत नाहीत. काय समजावं?

तुम्ही लिहिलंय की गावच्या गटातटांनी झोप उडालीय, आणि डोळा लागला की प्राथमिक शाळेतले गुरुजी येऊन नुसतं ‘वही दाखव’ म्हणतात. मला वाटतं, तेच धरून चला. आपल्याकडे स्वप्नात आलेल्या गुरूंनी उपदेश कमी केलाय, काम जास्त सांगितलंय. ज्ञानदेव एकनाथांच्या स्वप्नात आले ते समाधीजवळच्या अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागलीय, आळंदीला येऊन काढ, एवढंच सांगायला. नाथ आळंदीला जाऊन आले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार झाली.

तुकोबांचं तर फारच जवळचं वाटतं. घरात देहूची महाजनकी, म्हणजे बाजारपेठेचं वतन, आणि १६३० च्या दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली. अशा माणसाला गुरू बाबाजी चैतन्य स्वप्नात भेटले. गंगास्नानाच्या वाटेवर डोक्यावर हात ठेवला, ‘रामकृष्णहरि’ मंत्र दिला, आणि जेवायला पावशेर तूप मागितलं. तुकोबा ते द्यायचं विसरले! एवढा मोठा मंत्र मिळाला, तरी सेवा घडली नाही ही रुखरुख त्यांनी अभंगात लिहून ठेवलीय. पुढे नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले, तेही कवित्व कर, माझे राहिलेले अभंग पुरे कर, असं काम सोपवायलाच.

मी गावच्या दूध संस्थेचा अध्यक्ष होतो तेव्हा ज्यावर दुधाचा भाव ठरतो ती फॅट कमी लावता म्हणून निम्मे सभासद दुसरीकडे दूध घालायला लागले होते. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते अण्णा वारून वर्ष झालं होतं. स्वप्नात ते संस्थेच्या ओट्यावर बसलेले, शेजारी रिकामी किटली. म्हणाले, “रजिस्टर आण.” पहाटे संकलनाआधी जाऊन उघडलं, तर दोन महिन्यांच्या नोंदी पेन्सिलीनं, काही खोडलेल्या, आणि खाली सही माझीच. न बघता केलेली. त्याच सकाळी रांगेतल्या लोकांपुढे पान न् पान वाचलं. शिव्या खाल्ल्या. पण त्या दिवसापासून लोक माझ्या जातीगटावर बोलायचे थांबले, आकड्यांवर भांडायला लागले, आणि आकड्यांचं भांडण मिटवता येतं.

तुमची कुठली वही अपुरी आहे, ग्रामसभेच्या इतिवृत्ताची की पाणीपट्टीची, ते तुम्हाला ठाऊक असणार. उद्या दप्तर उघडाल तेव्हा आधी ती काढा.