मंदी, सर्च मार्केटिंग आणि नोकरभरती : वाचकांचे प्रश्न

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रांतील मजकूर थोडा संक्षिप्त केला असून लेखकांची नावे दिलेली नाहीत. सर्च मार्केटिंग म्हणजे गूगलसारख्या शोधयंत्राच्या पानावर क्लायंट दिसावा यासाठीचे काम; त्यातील पैसे देऊन केलेल्या जाहिरातींना पेड सर्च, तर पैसे न देता निकालांत वर येण्याच्या खटपटीला एसईओ म्हणतात.

प्रश्न : पुण्यातील एका एजन्सीत मी चार वर्षे अमेरिकी क्लायंटांच्या पेड सर्चचे काम पाहतो. गेल्या दोन तिमाहींत तीन क्लायंटांनी बजेट कमी केले आणि आमच्या विभागातील रिकाम्या झालेल्या दोन जागा भरण्यात आल्या नाहीत. २००८च्या मंदीत सर्च मार्केटिंग वाढलेच होते, तेव्हा काळजी करू नका, असे वरिष्ठ सांगतात. हे कितपत खरे मानावे?

उत्तर : तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे अर्धे खरे आहे. धंद्यापुरते ते टिकते, पण नोकऱ्यांना ते लागू करता येत नाही.

आधी धंद्याचे पाहू. या क्षेत्राने पहिली मोठी मंदी २००१च्या सुमारास, डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर पाहिली. अमेरिकेतील इंटरनेट जाहिरातींची एकूण उलाढाल २००० साली सुमारे ८.१ अब्ज डॉलर होती, ती २००२ साली सुमारे ६ अब्जांवर आली. त्याच दोन वर्षांत, क्लिकमागे बोली लावून जाहिरात विकणाऱ्या ओव्हर्चर या कंपनीचा महसूल सुमारे १० कोटी डॉलरवरून ६६ कोटींच्या पुढे गेला आणि गूगलनेही फेब्रुवारी २००२ मध्ये आपल्या जाहिरातसेवेसाठी, म्हणजे अ‍ॅडवर्ड्ससाठी क्लिकमागे दर आकारणारी लिलावपद्धत स्वीकारली. मात्र हे क्षेत्र तेव्हा बाल्यावस्थेत होते आणि बाल्यावस्थेतील धंदा कोणत्याही ऋतूत वाढतो, म्हणून या उदाहरणावर मी फारसा भार देणार नाही.

२००८-०९चे उदाहरण अधिक वजनदार आहे, कारण तोवर हा धंदा प्रौढ झाला होता. २००९ साली अमेरिकेतील वृत्तपत्रांचे जाहिरात उत्पन्न एका वर्षात एक चतुर्थांशाहून अधिक घटले. इंटरनेट जाहिरातींची एकूण उलाढालही २३.४ अब्ज डॉलरवरून २२.७ अब्जांवर उतरली, पण तिच्यातील सर्चचा हिस्सा १०.५ अब्जांवरून १०.७ अब्जांवर गेला. ही वाढ नाममात्र म्हणता येईल, तरी आजूबाजूला सगळे घसरत असताना न घसरणे हीदेखील मोठीच गोष्ट होती. ज्या खर्चाचा हिशेब लागत नव्हता त्याला कंपन्यांनी आधी कात्री लावली आणि ज्याचा क्लिकपासून विक्रीपर्यंत माग काढता येत होता तो खर्च शेवटपर्यंत राखला.

यामागचे दुसरे कारण लिलावाच्या रचनेत आहे आणि ते तुम्ही रोज हाताळत असलात तरी मंदीच्या संदर्भात फारसे सांगितले जात नाही. सर्चमधील जाहिरातदार स्वतःची पूर्ण बोली मोजत नाही. खालच्या क्रमांकाच्या स्पर्धकाला मागे ठेवण्यापुरतीच रक्कम तो देतो. समजा, गुणवत्ता सारखी असलेल्या तीन जाहिरातदारांच्या बोली ६०, ४५ आणि ३० रुपये आहेत. पहिल्याला क्लिकमागे ४५ रुपयांच्या आसपास पडतात. मंदीमुळे मधला बाहेर पडला, की त्याच पहिल्याला ३०च्या आसपास पडू लागतात, आणि त्यासाठी कोणाला दरपत्रक बदलावे लागत नाही. गूगलच्या २००९च्या पहिल्या तिमाहीत पैसे देऊन मिळालेले क्लिक आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे १७ टक्क्यांनी वाढले, पण महसूल अवघा ६ टक्क्यांनी. त्यात डॉलर वधारल्याचाही वाटा होता, तरी प्रत्येक क्लिकमागची मिळकत घटत होती हे उघड आहे. मैदानात टिकलेल्या जाहिरातदाराला मंदीत स्वस्ताई लाभते ती अशी.

परंतु स्वस्त क्लिक म्हणजे स्वस्त ग्राहक असे समजणे धोक्याचे आहे. क्लिकला ४० रुपये पडत असून शंभर क्लिकमागे दोन ऑर्डर येत असतील, तर एका ऑर्डरला २,००० रुपये खर्च येतो. मंदीत क्लिक ३२ रुपयांवर आला, पण लोक हात आखडता घेऊ लागल्याने शंभर क्लिकमागे दीडच ऑर्डर येऊ लागली, तर तोच खर्च २,१३३ रुपयांवर जातो. रिपोर्टमध्ये ‘क्लिकचा दर २० टक्क्यांनी खाली आणला’ असे अभिमानाने लिहिले जाते आणि क्लायंटचा आर्थिक विभाग मात्र कॅम्पेन थांबवायला सांगतो. तुमच्या तीन क्लायंटांनी बजेट का कमी केले याचे उत्तर बहुधा याच गणितात सापडेल; ते गणित तुम्ही स्वतः मांडून पाहावे असे मी सुचवतो.

आता नोकऱ्यांचे पाहू. गूगलचा महसूल २००८ साली २१.८ अब्ज डॉलर होता, तो २००९ साली ९ टक्क्यांनी वाढून सुमारे २३.७ अब्जांवर गेला. याच काळात तिची कर्मचारीसंख्या २०,२२२ वरून १९,८३५ वर आली. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने सुमारे शंभर जणांना कमी करण्याची घोषणा केली, आणि ते सगळे नोकरभरतीचे काम करणारे होते. मार्च महिन्यात विक्री व मार्केटिंगमधील सुमारे दोनशे जागा कमी झाल्या. स्पर्धेत मागे पडलेल्या याहूने तर ऑक्टोबर २००८ मध्येच किमान १० टक्के कपात जाहीर केली होती. मंदीत सर्वांत यशस्वी ठरलेल्या कंपनीतही जर धंदा वाढून माणसे कमी झाली, तर दुसऱ्याच्या बजेटवर जगणाऱ्या एजन्सीबद्दल अधिक आश्वासक बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तुमच्या एजन्सीत नवी भरती पाहणारी मंडळी सध्या काय काम करीत आहेत, याकडे जरूर लक्ष ठेवा. ते वरिष्ठांच्या आश्वासनापेक्षा विश्वसनीय लक्षण आहे.

याचा अर्थ तुम्ही घाईने राजीनामा द्यावा असा मुळीच नाही. तुमच्याकडील क्लायंटांचे उत्पन्न कोणत्या उद्योगांतून येते, एजन्सीबरोबरच्या करारांत किती मुदतीची नोटीस आहे आणि सर्वांत मोठा एक क्लायंट गेल्यास विभागाचा किती खर्च उघडा पडतो, हे तीन प्रश्न वरिष्ठांना विचारण्याचा चार वर्षांच्या अनुभवानंतर तुम्हाला अधिकार आहे. क्लायंटच्या नफ्याच्या भाषेत बोलू शकणारा माणूस कपातीच्या यादीत सहसा खाली असतो, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

प्रश्न : ठाण्यात माझी सहा जणांची छोटी एजन्सी आहे. आम्ही क्लायंटच्या जाहिरात खर्चावर १५ टक्के घेतो. एका पर्यटन कंपनीने आणि एका बिल्डरने बजेट निम्म्यावर आणले आहे. अशा वेळी एकाला कमी करावे की उलट एक चांगला अनुभवी माणूस स्वस्तात मिळतो आहे तो घ्यावा?

उत्तर : तुमच्या पत्रात माणसांचा प्रश्न आहे, पण दुखणे दराच्या पद्धतीत आहे असे मला वाटते. खर्चावर टक्केवारी घेणाऱ्या एजन्सीचे उत्पन्न बजेटबरोबर निम्मे होते. काम मात्र निम्मे होत नाही, किंबहुना वाढते. थोड्या पैशांत तोच परिणाम साधायचा असल्याने कीवर्ड (ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते ते) छाटणे, निरुपयोगी शोध वगळणे, लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारे पान) बदलणे ही सगळी मेहनतीची कामे नेमकी तेव्हाच करावी लागतात. शिवाय क्लायंटला कमी खर्च करण्याचा सल्ला दिल्यास तुमचेच नुकसान होते, आणि हे क्लायंटलाही कळते. म्हणून माणसांबद्दल निर्णय घेण्याआधी दरमहा किमान ठरावीक शुल्क आणि त्यावर, बजेट एका मर्यादेपलीकडे गेल्यास, टक्केवारी अशी रचना दोन्ही क्लायंटांपुढे मांडावी. बजेट उतरलेले असताना अशी बोलणी करणे अवघड वाटते खरे, पण भरभराटीच्या काळात ती करण्याची गरजच कोणाला भासत नाही.

दुसरी गोष्ट क्लायंटांच्या मिश्रणाची. एप्रिल २०२० मध्ये एक्स्पिडिया या प्रवास कंपनीचे अध्यक्ष बॅरी डिलर यांनी जाहीरपणे सांगितले होते की वर्षाला साधारण ५ अब्ज डॉलर जाहिरातीवर खर्च करणारी त्यांची कंपनी त्या वर्षी १ अब्जही खर्च करणार नाही. कोविडच्या त्या काळात इतर क्षेत्रांबरोबर प्रवासक्षेत्रही असे आटल्याने २०२०च्या दुसऱ्या तिमाहीत गूगलच्या जाहिरात उत्पन्नात घट झाली आणि गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिचा एकूण महसूल आदल्या वर्षीपेक्षा २ टक्क्यांनी कमी भरला; कंपनीच्या इतिहासात वर्षागणिक घट होण्याची ती पहिलीच वेळ होती. पर्यटन आणि घरबांधणी हे दोन्ही व्यवसाय लोक पुढे ढकलू शकतील अशा खरेदीवर उभे आहेत. बंद पडलेला फ्रीज, दाढदुखी, वाहनाचा विमा यांना थांबता येत नाही. तुमच्या सहा जणांचे पगार यांपैकी कोणत्या बाजूच्या क्लायंटांवर चालतात, ते एका कागदावर लिहून काढा.

नव्या माणसाबद्दल : केवळ स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. मोठ्या कंपनीत एकाच प्रकारचे काम केलेला अनुभवी माणूस सहा जणांच्या जागेत अवघडतो आणि बाजार सुधारताच परत जातो. मात्र पेड सर्च आणि एसईओ दोन्ही हाताळणारा, आकडे स्वतः काढून क्लायंटसमोर बसू शकणारा माणूस असेल, तर त्याला तीन महिन्यांच्या करारावर एखाद्या विशिष्ट क्लायंटचे काम देऊन पाहावे. बजेट आटलेला क्लायंट जाहिरातीऐवजी एसईओकडे वळतो, हा अनुभव तुम्हालाही असेलच. ते काम करणारे तुमच्याकडे कोणी नसेल, तर तो क्लायंट पूर्णच जाईल.

कमी करायचेच झाल्यास केवळ पगार पाहून निर्णय घेऊ नये. ज्याच्या जाण्याने एखाद्या क्लायंटच्या जाहिरात खात्याचा सारा पूर्वेतिहास निघून जाईल, त्याला राखावे. आणि जो निर्णय असेल तो स्पष्टपणे, नोटीस काळाच्या पूर्ण पगारासह कळवावा. इतक्या लहान व्यवसायात मागे राहिलेले पाच जण तो व्यवहार बारकाईने पाहत असतात.

प्रश्न : ही खरोखर मंदी आहे की एआयमुळे आमची कामेच संपत आहेत? बाजार सुधारल्यावर भरती पूर्ववत होईल का? (वाचक, नागपूर)

उत्तर : दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहणे गरजेचे आहे. बजेट कमी झाल्याने गेलेले काम बजेट आल्यावर परत येते. यंत्राने उचललेले काम परत येत नाही. हाताने बोली बदलत राहणे, शेकडो जाहिरातींची वाक्ये पुन्हा पुन्हा लिहिणे, साप्ताहिक रिपोर्टचे तक्ते भरणे या कामांसाठी पूर्वी नवख्यांची भरती होत असे. स्वयंचलित बोली आणि २०२१ साली सर्वांसाठी खुले झालेले, जाहिराती आपोआप चालवणारे गूगलचे परफॉर्मन्स मॅक्स यांमुळे त्यांतील बराच भाग एआयचा बोलबाला होण्याआधीच गेला होता. शोधाच्या पानावरच उत्तर देणारे एआय ओव्हरव्ह्यूज मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आले, आणि माहितीपर लेखांच्या एसईओवर त्याचा ताण पडला आहे.

अल्फाबेटचे २०२३चे आकडे पाहा. जानेवारीत १२,००० जणांची कपात जाहीर झाली, वर्षाअखेर महसूल ९ टक्क्यांनी वाढून ३०७ अब्ज डॉलरच्या पुढे गेला आणि कर्मचारीसंख्या सुमारे १,९०,००० वरून १,८२,५०० च्या आसपास आली. वर २००९चे जे चित्र दिले आहे त्याच्याशी हे जुळते. तेव्हा मात्र २०१० पासून भरती जोमाने सुरू झाली होती. या खेपेस ती होईल, पण जुन्याच पदनामांनी होईल अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

प्रश्न : मी सातारचा, बी.कॉम. झालो आहे. एक संस्था डिजिटल मार्केटिंगच्या कोर्ससाठी साठ हजार रुपये आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगते. सध्याच्या परिस्थितीत पैसे भरावेत का?

उत्तर : अनुभवी माणसांनाच जागा मिळत नसताना शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्याला एवढेच विचारावे की मागील तुकडीतील किती जण आज कोणत्या कंपनीत, कोणत्या पगारावर आहेत आणि हमी लेखी मिळेल का. उत्तर गुळमुळीत आले तर पैसे खिशात ठेवावेत. गूगलच्या स्किलशॉप या प्रशिक्षण संकेतस्थळावर अ‍ॅड्सची प्रमाणपत्रे विनामूल्य मिळतात. ती वर्षभरच वैध असतात आणि नुसत्या प्रमाणपत्रावर कोणी नोकरी देत नाही, तरी शब्दसंपदा आणि पाया यांसाठी ती पुरेशी आहेत. तुमच्या बी.कॉम.लाही कमी लेखू नका. वर दिलेले ऑर्डरच्या खर्चाचे गणित मुलाखतीत मांडू शकणारे उमेदवार फार थोडे असतात.

प्रत्यक्ष अनुभवासाठी एक मार्ग आहे. पात्र स्वयंसेवी संस्थांना गूगलच्या अ‍ॅड ग्रँट्स योजनेतून दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती मोफत करता येतात. खात्याचे क्लिकचे प्रमाण (जाहिरात शंभर वेळा दिसल्यावर किती वेळा क्लिक होते ते) ५ टक्क्यांच्या खाली जाऊ देता येत नाही, त्यामुळे कोणीतरी नियमित लक्ष द्यावे लागते, आणि लहान संस्थांकडे असा माणूस नसतो. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या नोंदणीकृत संस्थेला भेटून, तिच्या परवानगीने ते खाते सहा महिने सांभाळावे. कोणते कीवर्ड का काढले, कोणत्या बदलानंतर संस्थेकडे किती चौकशा आल्या, याची तारीखवार नोंद ठेवावी आणि नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्राच्या वर ती नोंद जोडावी.