ईमेलचा रेजेक्स सैलच ठेव

ईमेल पत्ता तपासायला तू लिहिलेला रेजेक्स, म्हणजे मजकूर जुळवून पाहणारा पॅटर्न, पाहिला. शेवटच्या डॉटनंतर दोन ते चार अक्षरांची अट घातली आहेस, ती आधी काढ. 'डॉट म्युझियम'ने (.museum) संपणारा पत्ता असलेला माणूस दारातच अडकेल. ॲटच्या (@) आधी अधिकचं चिन्ह (+) चालतं. ते नाकारणारे फॉर्म दिसले की माझं डोकंच फिरतं! मधे ॲट, दोन्ही बाजूंना काहीतरी, स्पेस नाही, लांबी २५४च्या आत: बास. मात्र मजकुराची सुरुवात नि शेवट पक्के करणारं सुरुवातीचं कॅरेट (^) नि शेवटचा डॉलर ($) विसरू नकोस, नाहीतर भल्यामोठ्या मजकुराच्या पोटातला पत्ताही पास होतो. तपासण्याआधी ट्रिम कर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पेस काढ; मोबाइलचे कीबोर्ड शेवटी स्पेस सोडतात. आरएफसी ५३२२चं, म्हणजे ईमेलच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजाचं, अख्खं व्याकरण एका ओळीत कोंबायच्या फंदात पडू नकोस. पत्ता खरा आहे का, हे रेजेक्सला कळतच नाही. त्यासाठी पुष्टीची लिंक मेलवर पाठव.