स्मिता पाटील यांना कोणकोणते पुरस्कार मिळाले होते?

मोठे सन्मान मोजकेच, पण वजनदार. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना दोनदा मिळाला. पहिला 'भूमिका'साठी (१९७७), श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेला होता. तेव्हा स्मिताताई जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या, आणि पडद्यावर मात्र एका बाईचं अख्खं आयुष्य जगल्या! दुसरा 'चक्र'साठी (१९८०). झोपडपट्टीतल्या त्या अम्माच्या भूमिकेला फिल्मफेअरही मिळालं.

१९८५ मध्ये पद्मश्री. पुढच्याच वर्षी, १३ डिसेंबर १९८६ला, त्या गेल्या. वय अवघं एकतीस.

गंमत बघा, मराठी माणसाला त्यांचं नाव घेतलं की आधी 'उंबरठा' आठवतो. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्या वर्षी अभिनेत्रीचा मान 'उमराव जान'साठी रेखा यांच्याकडे गेला. माझं मत विचाराल तर 'उंबरठा'तली सुलभा महाजनची भूमिका 'चक्र'पेक्षा कणभरही उणी नव्हती.

मरणोत्तर म्हणाल तर २०१३ मध्ये भारतीय चित्रपटसृष्टीच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या टपाल तिकिटांत त्यांचंही तिकीट होतं.