कण्हेर धरणात टॉपवॉटर लूरने बास मिळेल का? कोणता लूर घ्यावा?

टॉपवॉटर लूर म्हणजे पाण्यावर तरंगत ओढायचं नकली आमिष, पण त्याला बास नाही मिळणार. साताऱ्याकडच्या कण्हेरला नाही, धोमला नाही, उरमोडीलाही नाही. तो मूळचा अमेरिकेतला मासा. जपानने १९२५ साली तिकडून नेऊन आपल्या तळ्यात सोडला, आपल्या धरणांत तो नाही. यूट्यूबवर पाणी फोडून लूर गिळताना दिसतो तो प्रकार इथं मरळ करते. बास मी धरलेला नाही, तरी सांगतो, मरळ जास्त जोरात करते.

एवढ्यावर थांबलो असतो, पण तुम्ही पुढं लिहिलंय की गावातले लोक 'प्लास्टिकला मासा लागत नसतो' म्हणून हसतात. तिथं माझं दुखणं आहे.

आमचे दाजी जुने गळवाले. जिवंत बेडूक गळाला टोचायचा, दोरी काठावरच्या खुंटीला बांधायची आणि सकाळी जाऊन बघायचं. मी रबरी बेडूक काढला की म्हणायचे, "मासा काय बारकं प्वार हाय व्हय, खेळण्याला भुलायला?" बहिणीचा नवरा, उलट बोलायची सोय नाही.

पावसाळा सरता सरता कण्हेरच्या फुगवट्याला गेलो होतो, मेढ्याच्या अंगाला. धरण भरलेलं, पाणी गवतात शिरलेलं. दाजींना त्या दिवशी बेडूक घावला नाही, म्हणून "द्या इकडं ते तुमचं" म्हणत माझा रॉड घेतला. गवतावर टाकून ओढत आणला आणि मध्येच तंबाखू मळायला थांबले. बेडूक नेमका मोकळ्या पाण्यात उभा राहिला. धबाक्! आवाजासरशी दाजींनी असा हिसका दिला की बेडूक आमच्या डोक्यावरून मागच्या बाभळीत. "बघा, थुकला! कळलं त्याला प्लास्टिक हाय." मी काही बोललो नाही. बाभळीतून बेडूक सोडवला, थोडं थांबून त्याच जागी टाकला. पुन्हा धबाक्. या वेळी रॉडचं टोक खाली, दोरी ताणू दिली, वजन हाताला लागलं आणि मगच हिसका. भाराभर गवतासकट मरळ बाहेर.

दाजी काय म्हणाले असतील? "माझ्या हिसक्यानं दमली हुती, म्हणून तुम्हाला घावली." आता घरातल्या प्रत्येक कार्यात ही गोष्ट निघते. भाचीच्या लग्नात तर ती मरळ कुणाच्या तरी जाळ्यातून सुटलेली आणि अधू होती, असं ठरलं.

अहो, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशिगनच्या जेम्स हेडनने लाकडाचे बेडूक कोरून बास धरले होते. जिथं लाकूड चाललं तिथं रबर का चालू नये? मासा वास घेत बसत नाही, वरची हालचाल बघून तुटून पडतो. जिवंत बेडूक टोचणं हा मला तरी नुसता आळस वाटतो.

लूर म्हणाल तर पोकळ रबरी बेडूकच घ्या. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे गवतात अडकत नाही. पॉपर, म्हणजे ओढला की तोंडानं पाणी उडवणारा लूर, दिसायला भारी, पण त्याचे तिहेरी गळ पहिल्याच फेकीत गवत गोळा करतात. स्पूक, म्हणजे डावीउजवीकडं डुलत चालणारा लांबट लूर, फक्त मोकळ्या पाण्यात. रॉड कडक आणि दोरी ब्रेडच, म्हणजे विणलेलीच हवी. वेळ पहाटेची किंवा दिवस बुडतानाची, वारा पडलेला. भिंतीकडं जाऊ नका, ओढा येऊन मिळतो ती उथळ, गवताळ जागा शोधा. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, ते डुबुक ऐकू आलं की तिथं फेका. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला नुसता गाळ राहतो. तेव्हा खटाव-माणच्या पाझर तलावांत पाणी टिकलं असेल तर तेच बरे.

हो, आणि तलावाचा ठेका बहुतेक वेळा मच्छीमार सोसायटीकडे असतो, आधी विचारा. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा बराच काठ २०१० पासून व्याघ्र प्रकल्पात आहे, तिकडं रॉड घेऊन फिरकू नका. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर जवळ आई-बाप राखणीला असतात. ते चिडून कशावरही येतात, म्हणून तिथं लूर टाकणं मी मर्दुमकी मानत नाही. दाजी टाकतात.

दाजी, वाचत असाल तर त्या मरळीचा फोटो मोबाईलवर मोठा करून बघा. अंगावर जाळ्याचा एक ओरखडा दाखवा, पुढच्या कार्यात मी गप्प बसेन.